पाठीमागचा समुद्र : माडगांवकरांच्या ‘मुंबईच्या वर्णना’चें पुनर्वाचन

गोविंद नारायण माडगांवकर यांचें ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ सालीं प्रसिद्ध झालें. एका शहराचें समग्र वर्णन करणारा मराठींतील हा पहिला ग्रंथ. १९६१ सालीं न. र. फाटक यांनीं तो संपादून पुन्हा वाचकांपुढें ठेवला, आणि या शतकांत मुरली रंगनाथन यांच्या इंग्रजी भाषांतरामुळें मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांनाही तो परिचित झाला. आपल्या वाचकवर्गाला या ग्रंथकाराचा अभिमान असणें स्वाभाविक आहे. १८१५ सालीं मडगांवांत जन्मलेला मुलगा नऊ-दहा वर्षांचा असतां मुंबईस येतो, पुढें मिशनच्या शाळेंत अध्यापन करतो आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं त्या शहराचें पहिलें मराठी चरित्र लिहितो, ही हकीकत कोणाही गोमंतकीयाला सुखावणारीच आहे. परंतु अभिमान हा वाचनाला पर्याय नव्हे. या ग्रंथाचा उल्लेख आपल्या सभासमारंभांतून जितका होतो, तितका तो उघडून वाचला जात नाहीं. वाचला गेला असता, तर आपल्या देवळांच्या इतिहासांतून समुद्र इतका नाहींसा झाला नसता, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. आणि तेंच येथें मांडावयाचें आहे.

समुद्र म्हणजे येथें मुख्यतः मुंबईच्या पश्चिमेचा तो अर्धचंद्राकृति उपसागर, ज्याला इंग्रजांनीं बॅकबे हें नांव दिलें. उत्तरेस वाळकेश्वराचें टोंक, दक्षिणेस कुलाब्याचें, आणि मधल्या बाकावर चौपाटी, गिरगांव, मरीन लाइन्स, चर्चगेट. हें नांव क्षणभर तपासून पाहावें. बॅकबे म्हणजे पाठीमागचा उपसागर. कोणाच्या पाठीमागचा? अर्थात् किल्ल्याच्या. कंपनीच्या किल्ल्याचें तोंड पूर्वेच्या बंदराकडे होतें. गलबतें तिकडे, गोद्या तिकडे, जकात तिकडे. पश्चिमेचें पाणी उथळ व खडकाळ, मोठ्या जहाजांना निरुपयोगी, म्हणून तें पाठीमागचें ठरलें. पण वाळकेश्वराच्या चढणीवर दम खात उभ्या राहिलेल्या यात्रेकरूला किंवा गिरगांवच्या वाडींत राहणाऱ्या गृहस्थाला तें पाणी पाठीमागें कधींच नव्हतें. तें समोर होतें. एका साध्या भौगोलिक नांवांत कोण कोठें उभा राहून पाहतो आहे हें असें कायमचें कोरलें गेलें, आणि आपणही तें नांव निमूटपणें उचललें.

शहराच्या नांवाविषयींचा वादही याच जातीचा आहे. पोर्तुगीज भाषेंतील ‘चांगला उपसागर’ अशा अर्थाच्या दोन शब्दांवरून बॉम्बे हें नांव आलें, असें पुष्कळ वर्षें सांगितलें गेलें. ज्यांच्या घरांत पोर्तुगीज शिकलेलीं वडीलधारीं माणसें होतीं, त्या आमच्या गोव्याच्या वाचकांना यांतील अडचण सांगावयास नकोच : ‘बाइया’ हा शब्द स्त्रीलिंगी, आणि त्याला जोडलेलें ‘बाँ’ हें विशेषण पुल्लिंगी! व्याकरणाशीं असें फटकून वागणारें नांव खुद्द पोर्तुगीजांनींच ठेवलें असेल हें मानावयास जड जातें. मुंबादेवीवरून मुंबई ही उपपत्ति सरळ आहे. तथापि वादाचें मर्म भाषाशास्त्रांत नाहीं. जहाजावरून येणाऱ्याला प्रथम उपसागर दिसतो, म्हणून त्याच्या व्युत्पत्तींत उपसागर आहे. बेटावर राहणाऱ्याला प्रथम देवी आठवते, म्हणून त्याच्या व्युत्पत्तींत देवी आहे.

समुद्रापासून शेंकडों मैल दूर, उज्जैनच्या माधवनगरांत बसून हें लिहिलें जात आहे, याचें कोणास नवल वाटेल. माधवनगर, ज्याला व्यवहारांत सारे फ्रीगंज म्हणतात, ही ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या नांवाची वसाहत. रस्ते सरळ, चौक रुंद, आणि पाणी म्हटलें कीं तें नळाचें किंवा शिप्रेचें. (शिंद्यांच्या नांवाला मात्र समुद्र अपरिचित नाहीं : १९१९ सालीं ‘लॉयल्टी’ हें ग्वाल्हेर दरबारचें जहाज विकत घेऊन वालचंद हिराचंद व त्यांचे सहकारी यांनीं जी नौकानयन कंपनी उभारली, तिला ‘सिंदिया’ हेंच नांव दिलें गेलें.) परंतु उज्जयिनींत राहणाऱ्याला एक लाभ होतो. शहर पाहण्याच्या दोन रीती त्याच्यापुढें जन्मभर उभ्या असतात. एक कालिदासाच्या मेघाची. तो मेघ वांकडी वाट करून उज्जयिनीवर येतो, गच्च्या पाहतो, शिप्रेवरचा वारा अनुभवतो, महाकालाच्या सायंपूजेला गर्जनेची साथ देतो आणि पुढें निघून जातो. दुसरी रीत स्कंदपुराणांतील अवंतीखंडाची. तेथें उंचावरून कांहींच दिसत नाहीं. एक कुंड, एक लिंग, एक घाट. त्या कुंडाची कथा, तेथें स्नान केव्हां करावें, पुढें कोणत्या दिशेस जावें. काव्य म्हणून मेघदूताची सर त्याला नाहीं, हें उघड आहे. पण उत्तरेकडील पंचांगाच्या वैशाखांत पंचक्रोशीला निघालेला शेतकरी डोक्यावर गाठोडें घेऊन पिंगलेश्वराकडे चालूं लागतो, तेव्हां त्याच्या पायांखालीं असतें तें अवंतीखंडच.

मुंबईच्या उपसागराचीं इंग्रजी वर्णनें बहुतेक मेघाच्या रीतीचीं आहेत. जहाजाच्या डेकवरून दिसलेला किनारा, मलबार टेकडीवरून दिसलेला सूर्यास्त, माडांची रांग, रात्रीं दिव्यांची माळ. हीं वर्णनें सुंदर नाहींत असें नाहीं. मात्र त्यांत पाणी व मनुष्य यांचा संबंध केवळ नेत्रांपुरता असतो. माडगांवकरांची रीत दुसरी आहे, आणि माझ्या मतें हाच त्यांच्या ग्रंथाचा खरा मोठेपणा. ते शहर चालून सांगतात. देवळें, तळीं, जत्रा, बाजार, जाति, धंदे, शाळा, इस्पितळें, गिरण्या, १८५३ सालीं सुरू झालेली आगगाडी, असा त्यांचा पट आहे. आणि यांतील कोणतीही गोष्ट त्यांना दुसरीपेक्षां हलकी वाटत नाहीं. देवळाची कथा आणि कापसाचा व्यापार ते सारख्याच गंभीरपणें सांगतात. ‘वृक्षवर्णन’ लिहिणारा हा मनुष्य. पदार्थ हातीं घेऊन उलटापालटा करून पाहण्याची संवय त्यांना होती. भाषा साधी, कित्येक ठिकाणीं शाळामास्तराची, क्वचित् रुक्षही. याद्या लांबतात आणि वाचक कंटाळतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पण त्या याद्यांतच ते लोक जिवंत राहिले आहेत, ज्यांना सूर्यास्ताच्या वर्णनांत जागा नव्हती.

या रीतीनें आजही उपसागराचा कांठ चालून पाहावा. वाळकेश्वराहून आरंभ केला तर प्रथम देव लागतात : रामानें वाळूचें लिंग केलें व बाण मारून गोडें पाणी काढलें अशी जेथली कथा, ती बाणगंगा व तिच्या भोंवतालचीं देवळें आणि मठ. कवळ्याच्या मठाची शाखा येथें आहे, काशीमठाच्या माधवेंद्रतीर्थ स्वामींचें वृंदावन येथें आहे. कोंकणी बोलणाऱ्या शेंकडों कुटुंबांना मुंबई म्हणजे प्रथम हा कांठ. टेकडी उतरून चौपाटीवर यावें : येथें १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्यांचा देह अग्नीच्या स्वाधीन झाला, आणि येथेंच दरवर्षीं अनंतचतुर्दशीला गणपति पाण्यांत जातात. पुढें गिरगांव. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. चाळींच्या मागें दडलेल्या या नांवांत बागाइती अद्याप शाबूत आहे. मग चर्नी रोड, ज्याच्या नांवाचा संबंध लोक चराईशीं जोडतात. गुरांना फुकट चरतां यावें म्हणून जमशेटजी जीजीभाईंनीं जमीन घेऊन दिल्याची हकीकत या भागाचीच. मग सोनापूर, जेथें हिंदूंचें स्मशान व मुसलमानांचें कबरस्तान शेजारीं शेजारीं आलें, दोन्ही समुद्राच्या वाऱ्यावर. मग मरीन लाइन्स, म्हणजे पलटणीच्या छावणीची जागा. शेवटीं चर्चगेट, म्हणजे पडलेल्या तटाचा एक दरवाजा. देव, बागा, गुरें, प्रेतें, शिपाई आणि दरवाजा असा हा क्रम. एवढ्याशा बाकांत शहरानें आपला सगळा संसार मांडला होता. मरीन ड्राइव्हवरून मोटारींतून पांच मिनिटांत जाणाऱ्याला यांतलें कांहीं दिसत नाहीं. त्याला दिसते ती विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांत उभी राहूं लागलेली गोलसर सज्ज्यांच्या इमारतींची रांग. त्या इमारती व ओव्हलच्या पलीकडील जुन्या गॉथिक इमारती मिळून २०१८ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशांत समाविष्ट झाल्या. रांग देखणी आहे खरी.

आतां दोषांकडे वळूं. माडगांवकरांची ‘सुधारणा’ या शब्दावर अढळ श्रद्धा होती. इंग्रजी राज्य हें ईश्वरी योजनेनें आलें व त्यानें दलदलीचें नगर केलें, ही त्यांच्या काळच्या बऱ्याच शिकलेल्या माणसांची समजूत त्यांचीही होती. त्यामुळें चालतां चालतां ते एकाएकीं थांबतात आणि किल्ल्याच्या तटावर चढून पाहूं लागतात. सात बेटांमधलीं पाणथळें बुजून एक बेट झालें याचा त्यांना आनंद होतो. बुजलेल्या पाण्यावर कोणाची जाळीं पडत होतीं हा प्रश्न मनाला तितका टोंचत नाहीं. पायधुणी, उमरखाडी या नांवांत बुजलेलें पाणी अजून ऐकूं येतें. एवढा कानाचा तीक्ष्ण मनुष्य, त्यानें तें ऐकून त्यावर अधिक थांबावयास हवें होतें, अशी चुटपुट ग्रंथ मिटतांना राहते.

आणि काळाचा विनोद असा कीं, ज्या सालीं हा ग्रंथ निघाला त्याच सुमारास बॅकबे भरून काढण्याच्या कंपनीचे शेअर्स बाजारांत गाजूं लागले. अमेरिकेंत यादवी युद्ध चाललेलें, तिकडचा कापूस बंद, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव. तो पैसा ठेवावा कोठें, तर समुद्रांत! पांच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरांत गेला. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापूस उतरला आणि त्या उन्हाळ्या-पावसाळ्यांत नामांकित पेढ्या जमीनदोस्त झाल्या. माडगांवकर त्याच १८६५ सालीं निवर्तले. कर्जापासून दूर राहावें हें सांगणारा ‘ऋणनिषेधक बोध’ ज्यांनीं लिहिला, त्यांच्याच शहरानें पाठीमागच्या समुद्रावर एवढा जुगार खेळावा! समुद्र भरला गेला तो तरीही गेलाच : कांठाकांठानें लोहमार्ग आला, १८७० सालीं गाडी चर्चगेटपर्यंत पोंचली. १९२० नंतर गव्हर्नर लॉइड यांच्या कारकीर्दींत पुन्हा मोठी योजना निघाली, खर्च फुगला, वीर नरिमन यांनीं त्यांतील गैरकारभार चव्हाट्यावर मांडला. पुढें भरलेल्या जमिनीच्या एका टोंकाला त्यांचेंच नांव देण्यांत आलें, हा आणखी एक विनोद.

माडगांवकरांच्या मागून आलेल्यांचा विचार थोडक्यांत पुरे. आचार्य व शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ चा. त्यांत माहिती भरपूर, परंतु चालणाऱ्याचा श्वास कमी. गोमंतकांतच जन्मलेले डॉ. जर्सन द कुन्हा यांनीं १९०० सालीं मुंबईच्या उगमावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला. कोंकणी भाषेवर लिहिणारे व सह्याद्रिखंड संपादणारे हेच ते. नाणीं, ताम्रपट, दंतकथा यांवर त्यांची पकड मोठी. मात्र त्यांचा समुद्र हा प्राचीनांचा समुद्र आहे, आजच्या होडीचा नव्हे. गोव्याच्या या दोन पुत्रांनीं, एकानें मराठींत व एकानें इंग्रजींत, एकाच उपसागराचें वर्णन करावें, आणि आपण दोघांचे ग्रंथ शेजारीं ठेवून वाचूं नयेत, हें आपल्या समीक्षेचें दारिद्र्य होय.

परंतु या लेखाचा रोख मुख्यतः आपल्यावर, म्हणजे देवस्थानांशीं संबंध असलेल्या समाजावर आहे. देवळाला शंभर किंवा दोनशें वर्षें झालीं कीं आपण स्मरणिका काढतों. तींत मूर्तीचें वर्णन असतें, जीर्णोद्धार करणाऱ्याचें नांव असतें, देणगीदारांची यादी असते, स्वामींच्या आगमनाचीं छायाचित्रें असतात. पाणी नसतें. वाळकेश्वराचेंच पाहा. शिलाहारांच्या काळचें मानलेलें मूळ देऊळ पोर्तुगीजांच्या अमदानींत नष्ट झालें, आणि १७१५ च्या सुमारास रामा कामत या शेणवी गृहस्थानें तें पुन्हा बांधलें, एवढें सारे सांगतात. हाच रामा कामत कंपनी सरकारच्या मर्जींतला मोठा आसामी होता. पुढें कान्होजी आंग्र्यांशीं गुप्त संधान बांधल्याचा आरोप त्याच्यावर आला, बनावट पत्रांच्या पुराव्यावर १७२० सालीं त्याला जन्मठेप झाली आणि १७२८ सालीं तो कैदेंतच मेला. आरोप खोटा होता हें मागाहून ठरलें. या प्रकरणाच्या मुळाशीं होता तो समुद्रच : आंग्र्यांचें आरमार, कंपनीची भीति, आणि दोहोंच्या मध्यें सांपडलेला किनाऱ्यावरचा व्यापारी. स्मरणिकेंत कामतांचें दान येतें, तुरुंग येत नाहीं. कारण तुरुंग सांगावयाचा तर समुद्र सांगावा लागतो.

येथें उज्जैनमध्यें याचें जोडचित्र आहे. महाकालाचें आजचें मंदिर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनीं उभारलें; तेही शेणवीच. पश्चिमेच्या कांठावर एक आणि माळव्याच्या पठारावर एक, अशीं भग्न झालेलीं दोन शिवस्थानें थोड्या वर्षांच्या अंतरानें एकाच समाजाच्या दोन पुरुषांनीं पुन्हा उभीं केलीं. आम्हां माळव्यांतल्या मराठी मंडळींना याचा अभिमान आहे. पण महाकालाचें वर्णन कोटितीर्थाच्या कुंडाविना करण्याचें धाडस येथें कोणी करणार नाहीं. अवंतीखंड तसें करूं देत नाहीं. मुंबईच्या देवळांना तसें खंड मिळालें नाहीं. माडगांवकरांचा ग्रंथ कांहीं अंशीं तें काम करूं शकला असता.

यांत नुसता वाङ्मयीन प्रश्न असता तर एवढें लिहिण्याचें कारण नव्हतें. ज्या पाण्याचें वर्णन होत नाहीं तें पाणी जाऊं लागलें कीं त्याच्या बाजूनें बोलणारा कोणी उरत नाहीं. मुंबादेवीचें तळें, गोवालिया तळें, धोबीतलाव, सी. पी. टँक : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या कांहीं दशकांत, बऱ्याच अंशीं हिंवतापाच्या भीतीनें, शहरांतलीं हीं व अशीं तळीं बुजवलीं गेलीं. भीति खोटी नव्हती, हें मान्य केलें पाहिजे. डासांना पुण्याईचा मुलाहिजा नसतो. पण आज त्यांचीं फक्त नांवें उरलीं, आणि देवीच्या दारांत तळें होतें हें तिच्या दर्शनाच्या रांगेंत उभ्या असलेल्या भाविकालाही ठाऊक नसतें. मलबार टेकडीच्या पलीकडे, वरळीच्या खाडीच्या मुखाशीं महालक्ष्मी आहे. हॉर्नबी गव्हर्नराच्या वेळीं तेथें बांध घालतांना तो पुनःपुन्हां ढांसळे. तेव्हां रामजी शिवजी नांवाच्या प्रभु गृहस्थाला स्वप्नांत दृष्टांत झाला, खाडींतून देवींच्या मूर्ति निघाल्या आणि मग बांध टिकला, अशी कथा आहे. तिचा अर्थ असा कीं, समुद्र हटवावयाचा तर आधीं समुद्रांतल्या देवीची अनुज्ञा घ्यावी लागली. २०२४ च्या मार्चमध्यें सागरी किनारा रस्ता खुला होऊं लागला, आणि देवीच्या मागच्या खडकांपुढें आतां भर घातलेली जमीन व धांवत्या मोटारी आल्या. वाहतुकीची सोय झाली हें खरें. त्या कामाच्या चर्चेंत कोळी बांधव आपल्या होड्यांच्या वाटेसाठीं बोलले. वरळीचे कोळी पुलाच्या खांबांमधलें अंतर वाढवून मागत राहिले आणि अखेर तें कांहीं अंशीं वाढलें. ज्यांच्या कथेंत देवी समुद्रांतून येते, त्या आपला आवाज त्यांत कितपत उमटला?

बाणगंगेचें उदाहरण तर अधिक जवळचें. २०२४ च्या जूनमध्यें तळ्याचा गाळ काढण्याच्या कामांत यंत्र थेट पायऱ्यांवरून उतरवलें गेलें आणि जुन्या दगडी पायऱ्या मोडल्या. त्या वेळीं हळहळ झाली, तक्रारी झाल्या, पायऱ्या पूर्ववत् बसविण्याचें काम हातीं घेतलें गेलें. पण कोणती पायरी कोठें होती, कोणत्या पायरीवर कोणतें कृत्य होई, पाणी पूर्वीं कोठवर चढे, याचें लेखी वर्णन शोधावयास गेलें तर आपल्या देवस्थानांच्या पुस्तकांतून हातीं फार थोडें लागतें. अवंतीखंडाच्या कर्त्यानें तें लिहिलें असतें. माडगांवकरांनीं निदान मोजलें असतें.

‘मुंबईच्या वर्णना’ची नवी मराठी आवृत्ति निघावी, आणि ती काढण्यास आपल्या एखाद्या देवस्थानानें किंवा मठानें साह्य करावें, अशी सूचना येथें कराविशी वाटते. तींत तीन गोष्टी हव्यात : स्थळांची विस्तृत सूचि, ग्रंथांत आलेल्या देवळांवर व तळ्यांवर आजच्या स्थितीच्या टिपा, आणि १८६३ चा किनारा व आजचा किनारा एकाच कागदावर दाखविणारा एक मोठा नकाशा. नकाशा घडीचा असावा, पुस्तकापासून सुटा करतां येईल असा, म्हणजे वाळकेश्वराहून निघणाऱ्याला तो हातांत धरून चालतां येईल.

— माधवनगर, उज्जैन